काचेचे रबर आणि बसवणाऱ्याची मजुरी

मे महिना संपत आला की मिरकरवाड्यातल्या गॅरेजांसमोर जुन्या गाड्या उभ्या राहू लागतात. ओम्नी, मारुती ८००, जीप, मासळीचे टेम्पो, एखादी हौसेने सांभाळलेली पद्मिनी. बहुतेकांची तक्रार एकच, पुढच्या काचेतून पाणी आत येते. आणि बहुतेकांचे बोलणेही एकच, "रबर आम्ही आणले आहे, तेवढे बसवून द्या. बसवायचे असे कितीसे लागतात?" या शेवटच्या प्रश्नाबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, गॅरेज हा आमचा धंदा नव्हे. पण माल आणायला-न्यायला आम्हाला जुन्या गाड्यांशिवाय गत नाही, आणि मालाची किंमत वेगळी व हाताची किंमत वेगळी, हे कापडाच्या धंद्यात रोजच दिसते. चांगला कपडा वाईट शिलाईने वाया जातो. तो वाया गेल्यावर गिऱ्हाईक शिंप्याकडे जात नाही, कापड देणाऱ्याकडे येते.

आधी कामाचे स्वरूप सांगू, कारण ते न कळल्यामुळेच भाव पाडला जातो. आजच्या नव्या मोटारींची पुढची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने पत्र्याला चिकटवलेली असते. जुन्या गाड्यांत तसे नाही. तिथे काच एका जाड रबराच्या आधारे बसते. या रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काचेची कड जाते, दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. काहींना बाहेरून एक तिसरी पट्टी ठोकावी लागते, ती आत गेली की रबर फुगून घट्ट होते. म्हणजे काच, पत्रा आणि पाणी या तिघांचा निकाल त्या एका रबरावर. ते कडक झाले, आटले किंवा फाटले की पाण्याला वाट मिळालीच.

आता आपल्या गावाची हवा पाहा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. बंदरावर बारा महिने खारा वारा. मासळीच्या गाडीत बर्फाचे पाणी, तेही मिठाचे. उन्हाळ्यात ऊन असे की रबराला बारीक भेगा पडतात. पुण्या-कोल्हापुरात जे रबर पुष्कळ वर्षे टिकेल ते इथे तितके टिकत नाही, यात कोणाचा दोष नाही. पण रबराच्या खाली पत्र्याची जी कड झाकलेली असते, तिचे काय झाले आहे हे रबर काढल्याशिवाय दिसत नाही. काढले की पुष्कळदा तिथे पत्रा कमी आणि गंज जास्त सापडतो.

खरे काम इथून सुरू होते. जुने रबर बाहेरून सुरीने कापून काढायचे, म्हणजे काचेवर जोर येत नाही. काच उतरवून सपाट जागी, कापडावर ठेवायची. मग पत्र्याची कड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने उघडी धातू दिसेपर्यंत घासायची. कुठे पत्रा खाल्ला गेला असेल तर डेंटरकडून तुकडा जोडून घ्यायचा. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि दोन्ही नीट सुकू द्यायचे. हे सुकणे घाईने होत नाही. यानंतरच रबर काचेला चढवायचे, पत्र्याच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी भरायची, तिची दोन्ही टोके खालच्या मध्यावर एकमेकांवर घेऊन आतल्या बाजूला सोडायची. दोरीचा प्रश्न मिरकरवाड्यात यायचा नाही, जाळ्याच्या दोरीचा तुकडा कुठेही पडलेला असतो. साबणाचे पाणी लावून काच बाहेरून जागेवर धरायची. एकाने बाहेरून तळहाताने दाबत जायचे, दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढत जायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत येतो. कोपऱ्यावर आल्यावर थांबत थांबत. तिथे घाई केली की लॅमिनेटेड काचेला रेघ जाते आणि टफन्ड काचेचा चुरा होतो. दोघांचे हात एका लयीत चालावे लागतात, आणि ते एकमेकांना सांगून होत नाही, सवयीने होते.

यात रबर चढवण्याला फार तर तास-दीड तास. बाकी सगळा वेळ गंज काढण्यात आणि रंग सुकवण्यात जातो. पण गिऱ्हाईक पैसे देते ते डोळ्यांना दिसणाऱ्या तासाचे. मग कारागीर काय करतो? गंजावरच नवे रबर चढवतो. पहिल्या पावसात ते छान दिसते. दुसऱ्या पावसात गंजाच्या पापुद्र्याखालून पाणी वाट काढते. तेव्हा मालक म्हणतो, रबर नकली निघाले. रबर बिचारे बरे असते.

यावर लोकांनी जो उपाय शोधला आहे तो दुखण्यापेक्षा वाईट आहे. सिलिकॉनची ट्यूब आणून कडेने मारायची. बाजारातल्या स्वस्त सिलिकॉनला ओले असताना सिरक्यासारखा आंबट वास येतो. तो वास असेटिक ॲसिडचा. उघड्या लोखंडाला ते लागले की गंज थांबायचा राहिला बाजूला, उलट वाढतो. शिवाय बाहेरून तोंड बंद झाल्याने आत शिरलेले पाणी आतच कोंडते. ते डॅशबोर्डखाली उतरते, वायरिंगवर ठिबकते, मॅटखाली साचते आणि एक दिवस पायाखालचा पत्रा हाताने फोडता येतो. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये भरायला न सुकणारा, मऊच राहणारा मसाला वेगळा मिळतो, तो मागावा. दुसरी सवय डिझेलची. पावसाळ्याआधी पत्र्याला डिझेल किंवा जळके ऑइल पुसणारे पुष्कळ आहेत. पत्र्याचे ते त्यांचे पाहोत, पण रबरावर त्याचा हात फिरू देऊ नये. तेलाने रबर फुगते आणि सैल पडते. साबणाचे पाणी यासाठीच सांगितले.

रबर घेताना आमचा धंदा उपयोगी पडतो. कापड घेताना आपण कतरण घेऊन जातो, तसे जुन्या रबराचा चार बोटे तुकडा कापून दुकानात न्यावा आणि दोन्ही खाचा जुळवून पाहाव्यात. जुनी टफन्ड काच बदलून लॅमिनेटेड घातली असेल तर जाडीत फरक पडलेला असतो, म्हणून काचेची कडही मोजावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आले, त्यांनी पुढे बनणाऱ्या गाड्यांना पुढची काच लॅमिनेटेडच असावी असे ठरवले. त्याआधीच्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात. रबर ईपीडीएमचे मागावे, उन्हापावसाला ते साध्या रबरापेक्षा पुष्कळ जास्त टिकते. मीटरवर मिळणारे रबर घेतले तर ते ताणून बसवू देऊ नये. न धुतलेल्या कापडाचा सदरा पहिल्या धुण्यात आटतो, तसे ताणलेले रबर पहिल्या उन्हात मागे येते आणि सांध्यात फट पडते. उलट किंचित जास्त लांबीचे कापून दाबून बसवावे, आणि सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नये.

आमच्यापुरते सांगायचे तर एका पावसाळ्यात भाड्याच्या व्हॅनमधून पांढऱ्या लठ्ठ्याचे दोन गठ्ठे पुढच्या सीटपाशी ठेवून आले. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून झिरपणारे पाणी गंज घेऊन त्यावर उतरले. ओले कापड वाळते. गंजाचा पिवळा डाग मात्र धोब्याच्या बापाला निघत नाही. तो लठ्ठा शेवटी अस्तराच्या भावात गेला. त्या गाडीला त्याच उन्हाळ्यात नवे रबर बसवले होते, असे नंतर कळले. मालकाने बसवणाऱ्याची मजुरी निम्मी केली होती, आणि बसवणाऱ्याने गंज तसाच ठेवला होता. दोघांचा हिशेब बरोबर जुळला, फक्त त्याची वसुली आमच्या गठ्ठ्यांतून झाली.

जुनी गाडी ठेवणे आता फुकटचे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेली गेली. ती आपण मुकाट्याने भरतो, कारण तिथे घासाघीस चालत नाही. जिथे चालते तिथे, म्हणजे आपल्याच गल्लीतल्या कारागिराशी, आपण दहा-वीस रुपयांसाठी अर्धा तास उभे राहतो. दुकानदार दुकानदाराशी भाव करतो तेव्हा दोघांकडे माल असतो, एकाने नाही म्हटले तर तो उद्या दुसऱ्याला विकेल. कारागिराचा आजचा दिवस उद्या विकला जात नाही. म्हणून त्याच्याशी भाव करण्याची रीत वेगळी असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारागीर बंधूंनाही आमची एक तक्रार आहे. भाव सांगताना ते एकच आकडा सांगतात आणि तो कापला गेला की मनातल्या मनात काम कापतात. गिऱ्हाईकाला ते कळत नाही. त्यापेक्षा तीन आकडे सांगावेत. रबराचा, गंज काढून रंग मारण्याचा, बसवण्याचा. जुने रबर काढल्यावर मालकाला बोलावून पत्र्याची कड दाखवावी. गंज ठेवून बसवा असे तो म्हणालाच, तर काम नाकारावे, निदान बिलावर तसे लिहावे. आणि गाडी देण्याआधी मालकाला आत बसवून बाहेरून पाइपने पाणी सोडावे, मंद धारेने, खालून वर नेत. वरून सोडले की पाणी सगळीकडूनच ओघळते आणि गळते कुठे ते समजत नाही. कोरड्या काचेतून मालकाने स्वतः पाहिले की पैसे देताना त्याचा हात आखडत नाही, असा आमचा दुकानातला अनुभव आहे.

सरकारनेही या हुन्नराला कारागिरी म्हणून मोजलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे घेतले गेले. होडी बांधणारा, जाळे विणणारा, शिंपी, लोहार त्यात आले, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातली बरीच घरे आली. मोटार दुरुस्त करणारा त्यात नव्हता. मुलगा गॅरेजवर जातो म्हटले की घरचे लोकही तो 'कामाला लागला' म्हणतात, 'कसब शिकतो' म्हणत नाहीत. मग त्याने मजुरी मागायची कशाच्या जोरावर?

हे काम आता संपत आले, ते शिकून काय करायचे, असे काही जण विचारतात. मारुती ८०० आणि अँबॅसेडर २०१४ मध्ये बंद झाल्या, ओम्नी २०१९ मध्ये. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी उतरली. हे सगळे खरे. पण कारखाना बंद होतो त्या दिवशी रस्त्यावरच्या गाड्या बंद होत नाहीत. आणि जो मुलगा रबराची काच न फोडता बसवतो, त्याला गोंदाची काच बसवायला शिकवणे सोपे जाते. तिथेही पत्र्याची कड साफ करणे हेच मुख्य काम आहे, आणि गोंद धरेपर्यंत गाडी हलवू न देण्याची जबाबदारी वर. एअरबॅग असलेल्या गाड्यांत तर काच निसटली तर जिवावर बेतते. जुने काम येते त्याने हे नवे कामही शिकून घ्यावे. शहरातून गाडी घेऊन येणाऱ्या माणसांची वाट पाहत बसू नये.

यंदा ज्यांचे रबर राहून गेले आहे त्यांनी भर पावसात ते काढू नये, दमट हवेत प्रायमर धरत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीच्या गाड्या तशाही उभ्याच असतात. त्या छपराखाली घ्याव्यात, छप्पर नसेल तर काचेवरून ताडपत्री बांधावी. मॅट उचलून ठेवावी, म्हणजे खालचा पत्रा वाळत राहील. ट्यूब मारू नये. काम ऑक्टोबरच्या उन्हात करावे, आणि कारागिराला आतापासून सांगून ठेवावे, कारण तेव्हा रांग नसते व त्यालाही दोन दिवस सुकायला ठेवणे परवडते.