तीन भाषा, तीन लिप्या आणि सीमाभागातील पहिलीचा विद्यार्थी

शाळेत कोणती भाषा शिकवावी, कितवीपासून शिकवावी आणि कोणत्या भाषेतून शिकवावे, या प्रश्नाने २०२५ साली दोन्ही राज्ये ढवळून निघाली. महाराष्ट्र सरकारने १६ एप्रिल रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय काढला, १७ जूनला त्यात दुरुस्ती केली आणि चौफेर विरोध झाल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर केले. इकडे कर्नाटकात प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याकडे अहवाल सुपूर्द केला. पाचवीपर्यंतचे माध्यम कन्नड किंवा मातृभाषा असावे आणि त्रिभाषा सूत्राच्या जागी कन्नड किंवा मातृभाषा व जोडीला इंग्रजी असे द्विभाषा सूत्र यावे, ही त्यातील एक प्रमुख शिफारस.

मुंबईत चर्चा झाली ती महाराष्ट्रातल्या मुलांची आणि बेंगळूरमध्ये झाली ती कर्नाटकातल्या मुलांची. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात बसणारे मूल मात्र या दोन्ही चर्चांत कुठेच नव्हते. त्याचा प्रश्न मांडणे हे आमचे काम आहे, असे आम्ही समजतो.

मुंबईत जे ओझे, ते बेळगावात काय?

महाराष्ट्रातील शिक्षणतज्ज्ञांचा हिंदी सक्तीवरचा मुख्य आक्षेप शैक्षणिक होता. सहा वर्षांच्या मुलाला अजून स्वतःच्या भाषेतील अक्षरे नीट लावता येत नाहीत. अशा वयात तिसरी भाषा लादली तर एकही भाषा धड येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते शंभर टक्के खरे आहे. पण हेच ओझे सीमाभागातील मराठी मूल कित्येक वर्षे वाहत आहे, याची दखल कोणी घेतली?

हिशेब सोपा आहे. कर्नाटकात इंग्रजी हा विषय २००७-०८ पासून पहिलीपासून आला. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ साली झाला आणि २०१७-१८ पासून पहिलीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने तो सर्व शाळांना लागू झाला. त्यानुसार कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणे बंधनकारक आहे. मराठी तर माध्यमाचीच भाषा. म्हणजे पहिलीतच तीन भाषा झाल्या. महाराष्ट्रातल्या मुलाला हिंदी शिकावी लागली असती, तरी ती निदान देवनागरीतच होती. आमच्या मुलासमोर देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकदम उभ्या राहतात. दप्तराचे वजन काट्यावर मोजता येते, या ओझ्याला मात्र अजून काटा सापडलेला नाही.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. कन्नड शिकण्याला सीमाभागातील मराठी माणसाचा विरोध नाही, असण्याचे कारणही नाही. बाजारात, बसस्टँडवर, तहसीलदार कचेरीत, शेजारपाजारी कन्नडचा संबंध रोज येतो आणि आमच्या गावागावांत दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्रश्न आहे तो कधी आणि कशी शिकवायची याचा. तिसरी-चौथीत मातृभाषेचे वाचन पक्के झाल्यावर, परकी भाषा शिकणाऱ्यासाठी बेतलेल्या पुस्तकातून कन्नड शिकवली, तर आमची मुले ती आनंदाने आणि चांगली शिकतील.

तज्ज्ञांचा कौल

मातृभाषेतून शिक्षण हा कोणा एका चळवळीचा हट्ट नाही. युनेस्कोने १९५३ सालीच शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतून व्हावा, असे सांगितले. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने तर उच्च शिक्षणापर्यंत प्रादेशिक भाषांचा आग्रह धरला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या शेजारच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. खेड्यातले मूल कोणत्या घरातून शाळेत येते, हे त्यांना अहवाल वाचून कळलेले नव्हते.

कॅनडातील भाषा-शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी मांडलेला भेद पालकांनी समजून घेण्यासारखा आहे. नव्या भाषेत बोलण्यापुरती सफाई मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेतून गणित, विज्ञान, इतिहास समजून घेण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षे लागतात. शिवाय पहिल्या भाषेत विचार पक्का झालेला असेल तर दुसरी भाषा लवकर येते. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता घडाघडा म्हणणारे मूल त्या भाषेतून भागाकार समजून घेत असेलच असे नाही, ते यामुळे.

देशातील चित्रही तेच सांगते. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत तिसरीतील सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. चारांपैकी तीन मुले एका भाषेच्या वाचनातच अडखळत असतील, तर तीन लिप्यांचा आग्रह पहिलीपासून कशासाठी?

कायदा काय म्हणतो?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५० (अ) हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. त्याआधी १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तरी त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे ठरवले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही किमान पाचवीपर्यंत तोच आग्रह धरला.

मग अडले कुठे? कर्नाटक सरकारने १९९४ साली चौथीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम असावे असा आदेश काढला. इंग्रजी शाळांचे चालक न्यायालयात गेले आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की सरकार मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही. माध्यमाची निवड पालकांची. हा निकाल सक्तीविरुद्ध आहे, सोयीविरुद्ध नाही. पालकाने इंग्रजी निवडली तर सरकारने त्याला अडवू नये हे जसे खरे, तसेच पालकाने मराठी निवडली तर त्याला मराठीचा शिक्षक आणि धड इमारत मिळाली पाहिजे, हेही तितकेच खरे. निवडीचा हक्क कागदावर आणि शिक्षकाची जागा रिकामी, याला निवड म्हणता येणार नाही.

थोरात आयोगाच्या शिफारशीकडेही याच नजरेने पाहावे लागेल. त्यातील 'कन्नड किंवा मातृभाषा' या शब्दांतील 'किंवा' हा शब्द आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. तो निर्णय कोण करणार? पालक, की शिक्षणाधिकारी? मराठी मूल मराठी आणि इंग्रजी शिकणार असेल, तर २०१५ च्या कायद्यातील कन्नडच्या सक्तीचे काय? एक तर कायदा बदलावा लागेल, नाही तर आमच्या मुलांपुरते द्विभाषा सूत्र पुन्हा त्रिभाषाच राहील. हा खुलासा बेंगळूरकडून लेखी घेतला पाहिजे.

दहावीनंतरची भिंत

कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्था मराठीतूनही पुस्तके काढते, आणि दहावीला प्रथम भाषा म्हणून मराठीचा १२५ गुणांचा पेपर मुले देतात. एकूण ६२५ गुणांत हा वाटा सर्वांत मोठा. पण पदवीपूर्व वर्गात पाऊल टाकले की मराठी एका विषयापुरती उरते. दहा वर्षे 'आम्ल' आणि 'त्वरण' शिकलेला मुलगा एका सुट्टीत इंग्रजी परिभाषेत जाऊन पडतो. त्याचे विज्ञान कच्चे नसते. ते सांगायला शब्द नसतात.

वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिकेची सोय महाराष्ट्रातील केंद्रांपुरती ठेवलेली आहे. बेळगावच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, कन्नड, उर्दू मिळेल, मराठी मिळणार नाही. मराठी हवी असेल तर सीमा ओलांडून केंद्र घ्यावे. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत विवादित सीमाभागातील मराठी उमेदवारांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, पुण्यात २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकीचा अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. या वाटा आहेत. त्या किती पालकांना ठाऊक आहेत, हा प्रश्न आम्ही आमच्याच संघटनांना विचारतो.

दोष फक्त सरकारचा नाही

कटू असले तरी बोलले पाहिजे. मराठीसाठी मोर्चात पुढे असणाऱ्या किती घरांतील मुले मराठी शाळेत आहेत? पट घटला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की उरलेले पालकही मूल काढून घेतात आणि मग शाळेला टाळे लागते. हे चक्र सुरू करणारा पहिला हात बहुधा आपलाच असतो. गोव्यानेही हेच पाहिले. १९९० साली तेथे प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांपुरते ठेवले गेले आणि २०११ साली ते इंग्रजीला खुले झाले. यामागे पालकांचा रेटा होता. कर्नाटकनेही २०१९-२० मध्ये एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी वर्ग सुरू केले. गरीब बापाला आपल्या मुलाने इंग्रजी बोलावे असे वाटते, त्यात त्याची चूक नाही. मराठी शाळेत इंग्रजी विषय उत्तम शिकवला जातो, अशी खात्री त्याला दिली तरच तो थांबेल. भाषणांनी थांबणार नाही.

मागण्या आणि कामे

सरकारकडे मागायच्या गोष्टी मोजक्या आहेत. मराठी शाळांत कन्नड तिसरीपासून आणि स्वतंत्र पुस्तकातून सुरू करावी. मराठी माध्यमाच्या रिकाम्या जागा मराठी जाणणाऱ्या शिक्षकांनीच भराव्यात. आठवीपासून गणित-विज्ञानाच्या पुस्तकांत मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा छापावी, म्हणजे दहावीनंतरची उडी लहान होईल. आणि 'नीट'ची मराठी प्रश्नपत्रिका बेळगाव केंद्रावर द्यावी.

आपण करायची कामे याहून सोपी आहेत. प्रत्येक गावाने मे महिन्यात पहिलीच्या पटाची यादी करावी, माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या शाळेत इंग्रजीचा एक चांगला शिक्षक उभा करावा, आणि पुढाऱ्यांनी व्यासपीठावर चढण्यापूर्वी आपल्या घरातील मुलाचा दाखला कोणत्या शाळेत आहे ते सांगावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या दिवशी आम्हीही पेढे वाटले. सीमेवरचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तोपर्यंत इथल्या मराठी शाळेत मुलेच उरली नाहीत, तर आपण कशासाठी भांडलो, हे पुढच्या पिढीला मराठीतून विचारताही येणार नाही.