तारखांची वही

शाळा सुरू झाली की आपल्या घरोघरी वह्यांची खरेदी होते. गणिताची, इंग्रजीची, विज्ञानाची, प्रत्येक विषयाची वेगळी वही येते. परंतु या सगळ्या विषयांना वेळ वाटून देणारी एक वही मात्र फार थोड्या घरांत असते. आज त्या वहीबद्दल दोन शब्द.

आम्ही कारकुनी करतो. कचेरीत आलेला कागद आवक नोंदवहीत चढला नाही, तर तो आलाच नाही असे समजावे. चांगला कारकून सगळे डोक्यात ठेवत नाही. तो नोंद करतो आणि डोके कामासाठी मोकळे ठेवतो. शाळेतल्या मुलांचे याहून वेगळे नाही. गृहपाठ, चाचणी, प्रकल्प, फी, सहल, फॉर्म हे सारे डोक्यात ठेवायचे म्हटले तर अभ्यासाला जागा उरणार कुठे?

यात नुकसान किती होते ते पाहा. आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एन. एम. एम. एस. ची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत येणाऱ्या एका हुशार मुलीचा हा फॉर्म राहून गेला. शाळेची सूचना वडिलांच्या मोबाईलवर आली होती आणि वडील रात्रपाळीला होते. पुढे चार सूचना आल्या आणि ही खाली गेली. ती पास झाली असती की नाही हा पुढचा प्रश्न; पण तिला परीक्षेला बसताच आले नाही. यात दोष कुणाच्या बुद्धीचा नव्हता. तारीख घरात कुठे लिहिलेली नव्हती, एवढेच.

यासाठी महागडी डायरी नको. १०० पानी साधी वही पुरते. वही उघडल्यावर समोर येणारी दोन पाने म्हणजे एक आठवडा. जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत साधारण ४६ आठवडे होतात, म्हणजे ९२ पाने. उरलेल्या आठ पानांवर वर्षभराच्या परीक्षा, सुट्ट्या आणि फॉर्मच्या तारखा लिहाव्यात. आठवड्याच्या दोन पानांवर पट्टीने सात रकाने पाडावेत. प्रत्येक कामापुढे छोटा चौकोन काढावा आणि काम झाले की त्यात बरोबरची खूण करावी. राहिलेले काम खोडू नये, दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात पुन्हा लिहावे. तेच काम तीनदा लिहावे लागले की मुलाला आपोआप कळते, आपण कशाला घाबरून टाळतो आहोत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नुसती शेवटची तारीख लिहून भागत नाही. तिथून मागे मोजत यावे लागते. फॉर्मची मुदत २० तारखेला असेल तर १५ तारखेला तो भरायचा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर त्याचा अर्ज आधीच्या महिन्यात करायचा. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. त्याप्रमाणे अधिसूचित सेवेच्या पोचेवर दाखला किती दिवसांत मिळणार ते लिहिलेले असले पाहिजे. तो दिवसही वहीत चढवावा. दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तर दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो. ज्याला आठवीत तारीख मागे मोजण्याची सवय लागली, तो तिथे अडत नाही.

मोठी कामेही अशीच तोडावीत. पंधरा दिवसांनी इतिहासाची चाचणी असेल तर ‘इतिहास वाचणे’ असे लिहू नये. सोमवारी पहिला धडा, बुधवारी दुसरा, शनिवारी प्रश्नोत्तरे, असे लिहावे. जयंतीचेही तेच. १४ एप्रिलच्या तयारीत आपली मुले नाटक, भाषण, लेझीम यांत रमतात आणि रमावीतही. पण शाळेच्या वार्षिक परीक्षाही त्याच महिन्यात येतात. तालमीचे दिवस आणि परीक्षेचे पेपर एकाच पानावर लिहिले, तर मार्चमध्येच दिसते की कोणता धडा आधी उरकायला हवा. मग ना तालीम बुडते, ना पेपर.

कुणी विचारील, हे मोबाईलवर होत नाही का? होते. पण एका मोबाईलवर सारे घर चालते आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. वही घरात राहते. ज्या आईला अक्षर लागत नाही तिलाही रिकामा चौकोन दिसतो आणि ‘हा का रे राहिला?’ असे ती विचारू शकते. तेवढी विचारणा पुरेशी असते. मात्र वही हे मुलाला झोडण्याचे हत्यार करू नये. मार बसणार असेल तर मुले खोट्या खुणा करायला शिकतील.

पालकांनी रविवारी संध्याकाळी दहा मिनिटे मुलांसोबत बसावे. गेलेला आठवडा पाहावा, येणाऱ्याच्या तारखा लिहाव्यात. वही मुलानेच लिहावी, आपण फक्त शेजारी बसावे. वेळ ठरवून जगण्याची सवय कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. ती घरातच लागते, आणि तिला लागतात फक्त एक वही, एक पट्टी आणि आपली दहा मिनिटे.