राजीनामा की तडजोड?

भिलाईच्या पोलाद-कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि सर्व प्रांतांतील कुटुंबे तेथे शेजारी झाली. त्यांत मराठी घरेही आहेत. अशा घरातील तरुण पुण्याच्या एखाद्या कचेरीस मराठीत अर्ज लिहू लागला, की रोज कानावर पडणारी हिंदी नकळत लेखणीत उतरते.

‘माझी शिक्षा भिलाईस पूर्ण झाली’ हे वाक्य पाहा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठी वाचकास मात्र अर्जदार तुरुंगातून सुटून आलेला वाटावयाचा. ‘जागा खाली आहे’ असे वाचून तो वरची जागा शोधील! तेथे ‘रिक्त’ हवे.

हसून सोडून देता येणार नाही असा शब्द ‘राजीनामा’. हिंदी प्रांतांतील न्यायालयांत तो उभय पक्षांच्या समेटास लावतात. मराठीत तो नोकरीचा त्याग. वाद मिटविण्याच्या हेतूने ‘राजीनाम्यास तयार आहे’ असे लिहिणाऱ्याची चाकरीच जाण्याची भीती. आपण ‘तडजोड’ लिहा.

‘आपला पत्र मिळाला’ हेही हिंदीचेच देणे. मराठीत पत्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘आपले पत्र मिळाले’. १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे ‘विनंती’ची अखेरची वेलांटी दीर्घ, ‘तथापि’ हे तत्सम अव्यय मात्र ऱ्हस्वच, आणि तक्रारअर्जात नेमके तेच चुकते.

अर्ज टपालात टाकण्यापूर्वी पुण्याकडून आलेल्या एखाद्या वडीलधाऱ्यास वाचून दाखवा. ‘शिक्षा’ ऐकताच ते आपणांस थांबवतील.