गोष्टींतलें मठ्ठ मूल

पंचतंत्रांतील गोष्टी न ऐकलेलें मूल आपल्या घरांत सांपडावयाचें नाहीं. परंतु त्या ग्रंथाच्या आरंभाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. अमरशक्ति राजाचे तीन पुत्र अभ्यासांत जड असतात. असल्या पुत्रांपेक्षां न झालेला किंवा मेलेला पुत्र पत्करला, असें बाप सचिवांपुढें बोलून दाखवितो. विष्णुशर्मा त्यांना पशुपक्ष्यांच्या गोष्टींनीं शिकवितो आणि सहा महिन्यांत ते नीतिनिपुण होतात. मुलें तींच, रीत बदलली.

मात्र बापाचे शब्द ऐकून त्या मुलांना काय वाटलें, तें ग्रंथ सांगत नाहीं. पुढल्या गोष्टींतही मंदमति मूल एक तर हसण्याचा विषय होतें, नाहीं तर कालिदासाच्या दंतकथेप्रमाणें देवीच्या प्रसादानें महाकवि बनतें. ‘तारे जमीन पर’ (२००७) हा हिंदी बोलपट मोठ्या कळवळ्याचा. पण त्यांतील मुलगाही अखेर चित्रकलेची स्पर्धा जिंकतोच. साध्या मुलानें मग कोणाकडे पाहावें?

स्वमग्नतेचें वर्णन डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं केलें. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता या दोहोंची नोंद आहे. मेंदूची निराळी घडण हा मुलाचा हट्ट नव्हे, आईच्या संस्कारांचा दोषही नव्हे.

पेण-रोह्याकडे तर दुहेरी घोटाळा होतो. घरीं आगरी किंवा कातकरी बोलणारें मूल पुस्तकी मराठींत अडखळलें, कीं मठ्ठ ठरतें. आणि ज्याच्या मेंदूची घडणच निराळी, तें आळशी ठरतें. दोघांनाही पुस्तकांत आपल्यासारखें कोणी क्वचितच भेटतें. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी तासन्‌तास निरखणारा, पण वाचतांना अक्षरांची उलटापालट करणारा मुलगा. कुंडलिकेच्या कांठीं एकटीच खडे रचीत बसणारी, धावीर महाराजांच्या पालखीचे ढोल वाजूं लागतांच कानांवर हात ठेवणारी रोह्याची मुलगी — अशीं मुलें गोष्टींत यावींत, आणि त्यांना बक्षीस न मिळतांही गोष्ट पुरी व्हावी.

त्यासाठीं आजीनें वा काकूनें छापखान्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आज रात्रीं असें एक मूल गोष्टींत आणावें, आणि ऐकणाऱ्या भावंडांपैकीं कोण मुकाट्यानें जवळ सरकून बसतें, तें पाहावें.