फिल्मचा कारखाना कोणी मारला?

परवा माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत माझा जुना आगफा क्लिक थ्री कॅमेरा आणि पाकिटांत घालून ठेवलेल्या निगेटिव्हज. पुतण्या शेजारी बसला होता. मी उटीच्या कारखान्याचा विषय काढला तसा म्हणाला, "काका, डिजिटल आलं, फिल्म गेली, कारखाना बंद पडला. सिंपल आहे!"

मंडळी, हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

१९८४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं उटीला गेलो होतो. लोक तिथे बाग बघतात, तळ्यात बोटिंग करतात. मी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना बघायचा हट्ट धरला. मुख्याध्यापकांचं पत्र बरोबर नेलं होतं, म्हणून आत सोडलं. (सौ.ने तो दिवस अजून माफ केलेला नाही.)

फिल्म म्हणजे चांदी, हे मी वर्गात शिकवायचो. पण तिथे ते अंगावर आलं. सिल्व्हर नायट्रेट आणि ब्रोमाइड जिलेटिनमध्ये एकत्र आणायचं, त्यातून बारीक स्फटिक तयार करायचे, आणि ते मिश्रण पारदर्शक पट्टीवर एकसारखं पातळ पसरायचं. तेही अंधारात! धुळीचा एक कण बसला की फोटोवर ठिपका. म्हणून तर सात हजार फुटांवरची ती थंड, स्वच्छ हवा निवडलेली. अंधाऱ्या भागात आम्हाला नेलं नाही. दाराबाहेरच एका अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं, की आतली माणसं हाताच्या अंदाजाने काम करतात.

मला तेव्हा सरस्वतीबाई फाळके आठवल्या. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी कच्ची फिल्म परदेशातून यायची, आणि तिच्या कडेची भोकं ही बाई रात्री अंधारात बसून पाडायची. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९६० मध्ये, ही सरकारी कंपनी स्थापन झाली. फ्रेंच कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं. नाव ठेवलं 'इंदू'. किती गोड नाव!

आता पुतण्याच्या वाक्याकडे येतो. हा कारखाना आजारी उद्योग ठरला १९९० च्या दशकाच्या मध्यात. त्या वेळी तुमच्यापैकी कोणाच्या घरी डिजिटल कॅमेरा होता, सांगा पाहू! आपल्याकडे तो घरोघरी आला २००० नंतर. मग दहा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्याने आधीच खून कसा केला?

खरं कारण आधीचं आहे. जग रंगीत झालं आणि आपण कृष्णधवलवर अडकलो. रंगीत फिल्मचे मोठे रोल बाहेरून आणून कापण्यापलीकडे मजल गेली नाही. एक्स-रे फिल्मसाठी कर्ज काढून मोठा प्रकल्प उभा केला, तोवर १९९१ नंतर आयात शुल्क उतरू लागलं. कर्ज वाढत गेलं, निर्णय लांबत गेले. अखेर २०१४ मध्ये सरकारने कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली. त्यात डिजिटलने फार तर शेवटचा धक्का दिला.

"पण पुढे डिजिटल येऊन तो बुडालाच असता ना?" हाही प्रश्न येतो. इंग्लंडमधली इल्फर्ड २००४ मध्ये बुडाली होती. तिच्याच व्यवस्थापकांनी २००५ मध्ये कृष्णधवलचा धंदा विकत घेऊन चालू ठेवला. आजही मॉबर्लीला फिल्म बनते आणि जगभर विकली जाते, आपल्याकडची तरुण पोरंही महागाची आयात फिल्म घेतात. लहान होऊन जगता येतं. आपल्याला लहान व्हायची लाज वाटली, आणि मोठं होण्याची शिस्त नव्हती.

आता माझी कबुली. मुलीच्या बारशाला मीही परदेशी रंगीत रोल आणला होता. 'इंदू' बरी, पण समारंभाला 'फॉरेन' हवं! ते रंगीत फोटो आज पार पिवळट पडलेत. आईचा माझ्याकडे एकच फोटो आहे, अंगणात तांदूळ निवडताना काढलेला. तो 'इंदू'वरचा. निगेटिव्ह परवा उजेडात धरली, आईच्या हातातलं सूप अजून स्पष्ट दिसतं.

गणितात उत्तर बरोबर पण रीत चुकीची असली तर मी गुण कापायचो. "डिजिटल आलं म्हणून" या उत्तरात तर दोन्ही चूक आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा दोष असा की त्यात कोणाचीच जबाबदारी उरत नाही. ना सरकारची, ना व्यवस्थापनाची, ना माझ्यासारख्या गिऱ्हाइकाची.

अंधारात हाताच्या अंदाजाने काम करणारी ती माणसं आता म्हातारी झाली असतील. त्यांच्या हातातली विद्या कोणीतरी लिहून घ्यायला हवी. कारखाना परत येणार नाही, हे मलाही कळतं. पण निदान तो कशाने गेला, ते तरी खरं सांगूया.

असो. पुतण्याला आईची ती निगेटिव्ह दाखवली. बराच वेळ बघत होता. "सिंपल आहे" मात्र पुन्हा म्हणाला नाही.