गाडीच्या पोटातले पाणी

शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या कितीतरी घरांची चूल जुन्या जीपवर नाहीतर टेम्पोवर पेटते. कोणी आसनगाव स्टेशनावरून प्रवासी आणतो, कोणी मुरबाडच्या बाजाराला भाजी पोचवतो. गाडी पंधरा-वीस वर्षांची, तीही कर्ज काढून घेतलेली. तिचे डिझेल आपण रोज मोजतो, टायर लाथ मारून पाहतो. रेडिएटरमध्ये काय चालले आहे ते मात्र कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

2009 च्या मे महिन्यात घरची मंडळी घेऊन आम्ही आमच्या जुन्या डिझेल जीपने नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहायला निघालो. कसारा घाटाच्या अर्ध्या चढावर काटा लाल रेषेत गेला आणि बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. आम्ही फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावलो. वहिनींनी हात धरला. "भाऊजी, आधी पोरांना लांब करा. आणि ते झाकण निवल्याशिवाय उघडू नका." त्यांचे ऐकले म्हणून आमचे तोंड वाचले. बंद झाकणाखाली पाणी दाबात असते, त्यामुळे ते 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच सगळे उकळून अंगावर येते.

तोंड वाचले, पण हेड गॅसकेट गेले. हेड खोलून घासून घ्यावे लागले. जीप दोन आठवडे दारात उभी राहिली, कर्जाचा हप्ता काही उभा राहिला नाही.

चूक आमचीच होती. रोज सकाळी तांब्याभर बोअरचे पाणी ओतायचे, हीच आमची देखभाल. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबई त्या पाण्यावर जगते आणि मे महिन्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. अशा दिवसांत जे मिळेल ते पाणी गाडीला. पण बोअरचे पाणी बहुधा जड असते. आंघोळीच्या बंबाला आतून पांढरा थर धरतो ना, तोच थर इंजिनात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. मग उष्णता बाहेर पडणार कुठून? शिवाय रोज तांब्याभर पाणी लागते, याचा अर्थ ते रोज कुठून तरी जाते आहे. पाइप, क्लिप, पाण्याचा पंप आधी पाहावा. तेल दुधाळ झाले असेल किंवा रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील, तर नुसत्या धुण्याने भागणार नाही, मिस्त्रीकडेच न्यावे.

धुणे घरी जमते. गाडी रात्रभर निवू द्यावी. सकाळी झाकण काढून रेडिएटरखालचा नळ आणि इंजिनाच्या अंगाचा बूच उघडून सगळे पाणी पसरट भांड्यात काढावे. ते चहासारखे लाल निघाले तर गंज आहे असे समजावे. मग स्वच्छ पाणी भरून वरचा पाइप हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालवावे, बंद करून पूर्ण निवू द्यावे आणि पुन्हा काढावे. पाणी नितळ येईपर्यंत हेच करायचे. आम्हाला पाच वेळा करावे लागले, रविवार गेला. घाई करून तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकते. कोणी कॉस्टिक सोडा टाकायला सांगेल, तोही नको. ॲल्युमिनियमचा भाग असला तर सोडा तो खाऊन टाकतो. थर फारच जाड असेल तर रेडिएटरवाल्याकडून नळ्या साफ करून घ्याव्यात. बाहेरच्या जाळीत चिखल, गवत, किडे अडकतात, तेही आतल्या बाजूने पाणी मारून काढावेत.

आम्हाला एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला होता, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरम होणारच नाही." आम्ही काढला. पाणी नीट तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणे हे त्या झडपेचे काम. ती नसली की इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त पिते आणि झिजते. नवीन थर्मोस्टॅट बसवला, ते बरे केले.

शेवटी भरायचे ते कूलंट. घट्ट कूलंट असेल तर डब्यावरच्या मापाने डिस्टिल्ड वॉटर मिसळावे, तयार मिळते त्यात काही मिसळू नये. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीत टाकतो ते पाणी. ॲसिड नव्हे, दुकानात नीट सांगून घ्यावे. नुसते शुद्ध पाणी भरले तर थर धरत नाही, पण गंज धरतो. कूलंट गंजही रोखते. भरताना झाकण उघडे ठेवून इंजिन चालवावे, अडकलेली हवा निघते आणि पातळी उतरते तेवढे पुन्हा भरता येते. साधे हिरवे कूलंट दोन वर्षांनी बदलावे.

काढलेले जुने कूलंट मात्र अंगणात ठेवू नका. ते चवीला गोड असते आणि विषारी असते. कुत्री, कोंबड्या तोंड लावतात, पोरेही लावतील. ओढ्यात ओतू नका, आपल्याकडचे कितीतरी ओढे धरणांनाच मिळतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, कॅनवर 'विष' असे लिहून, जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजमध्ये विचारून द्यावे. आमच्या वहिनी तो कॅन पोटमाळ्यावर ठेवतात, शिडी काढून घेतात.