कान टोचण्याचा परवाना

‘कान सोनारानेच टोचावेत’ ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. ज्याचे काम त्यानेच करावे, हा तिचा अर्थ. नागपूरला इतवारीच्या सराफ्यात बाळाला मांडीवर घेऊन जाणारी आजी आजही दिसते. पण सीताबर्डी-सदरच्या पार्लरांतही आता कान टोचले जातात. शिवाय काटोल, उमरेड, सावनेरकडच्या कितीतरी लेकी पार्लरचे काम शिकून घरच्याच एका खोलीत दुकान मांडतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो : कान टोचायला परवाना लागतो का, आणि खर्च किती?

आधी कागदांचे पाहू. केवळ कान टोचण्याचा असा वेगळा परवाना आपल्या राज्यात नाही. जे कागद लागतात ते दुकानाचे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणीची सक्ती नाही, कामगार खात्याला ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. व्यवसाय कर लागू झाला तरी तो वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक नसतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. दुकान नागपुरात असेल तर महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात, आणि गावात असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन तिथले नियम विचारून घ्यावेत.

इंग्लंडमध्ये १९८२ च्या कायद्याने कान टोचणाऱ्याची आणि त्याच्या जागेची स्थानिक परिषदेकडे नोंदणी करण्याची तरतूद झाली. आपल्याकडे तशी तपासणी नाही. म्हणजे भिंतीवर दुकानाचा कागद लावलेला असला, तरी सुई स्वच्छ आहे की नाही हे तो सांगत नाही. ते पाहण्याची जबाबदारी टोचणारीवर आणि टोचून घेणाऱ्यांवरच येते.

ही जबाबदारी लहान नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. एका कानातून निघालेली सुई नुसती स्पिरिटने पुसून दुसऱ्या कानात घातली, तर रोग विकत घेतल्यासारखेच आहे. जुन्या सोनाराच्या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती. ज्या तारेने टोचायचे तीच तार कानात राहायची, दुसऱ्याच्या कानात जायची नाही. तोच नियम पार्लरने पाळावा : एका माणसाला एक सुई, तीही बंद पाकिटातली आणि गिऱ्हाइकासमोर उघडलेली.

प्लास्टिकचे भाग असलेली पिस्तुले वाफेच्या यंत्रात घालता येत नाहीत. शिवाय कानाच्या वरच्या कडक भागाला, जिथे बुगडी किंवा भिकबाळी घालतात तिथे, पिस्तूल लावूच नये. तिथली कूर्चा चेचते, पिकते आणि कान कायमचा वाकडा होऊ शकतो. पार्लरने पाळीपुरतेच काम ठेवावे. बधिर करण्याचे इंजेक्शन देणे हे डॉक्टरचे काम.

आता खर्च. चिमटे वगैरे पुन्हा वापरायचे असतील तर ते वाफेच्या यंत्रात १५ पौंड दाबाखाली, १२१ अंशांवर, १५ ते २० मिनिटे ठेवावे लागतात. नुसत्या उकळण्याने सगळे जंतू मरत नाहीत. समजा, यंत्र व इतर सामान १२,००० रुपयांना पडले, तीन वर्षे टिकले आणि वर्षाला शंभर गिऱ्हाइके आली, तर माणशी ४० रुपये यंत्राचेच झाले. त्यावर सुई, हातमोजे, कुडी आणि आपली मजुरी. मोटरपंपाचा खर्च आपण पिकावर वाटतो, तसाच हा हिशेब. शेजारणीपेक्षा दहा रुपये कमी घेण्यासाठी सुईत काटकसर करू नका.

कुडी निकेल नसलेली घ्या. निकेलने अनेकींचे कान चिघळतात. टोचणारीने स्वतः कावीळ ‘ब’ची लस, तीनही डोस, घेतलेली असावी. वापरलेली सुई केरात टाकू नये, गाईगुरे आणि झाडणाऱ्या बायांचे हात तिथेच असतात. ती न फुटणाऱ्या डब्यात साठवून जवळच्या दवाखान्याशी बोलून त्यांच्यामार्फत विल्हेवाट लावावी. मूल लहान असेल तर आई-वडिलांसमोरच टोचावे आणि वहीत नाव, तारीख लिहून ठेवावी.

पाळी भरायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर कुडी काढू नये, हात धुतल्याशिवाय कानाला लावू नये, हळद-तेलाचे प्रयोग करू नयेत. मिठाच्या कोमट, उकळून गार केलेल्या पाण्याने पुसावे. कान लाल होऊन ठणकू लागला, पू आला किंवा ताप चढला तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरकडे जावे.

लेकीच्या दुकानाला तुम्ही भांडवल देणार असाल तर आरसा आणि पाटी यांच्या आधी स्वच्छ सुई आणि वाफेचे यंत्र यांचे पैसे बाजूला काढा. गावात दुकान चालते ते विश्वासावर. एका बाळाचा कान पिकला तर ती बातमी बाजाराच्या दिवशी सगळ्या पंचक्रोशीत पोचते.